खाड्याचा हिशेब

आमच्या मराठींत 'लावणें' हें क्रियापद मोठें सोयीचें आहे. आपण दुधाचा रतीब लावतों, वर्तमानपत्र लावतों, मुलांना शिकवणी लावतों. आणि हल्लीं बारामतींत कोणाच्याहि घरीं गेलें असतां 'आईला बाई लावली आहे' हें वाक्य कानीं पडतें. बोलणाराच्या मनांत तुच्छता मुळींच नसते. तथापि एखाद्याच्या श्रमाला समाज कोणत्या पंक्तीस बसवितो, हें जितकें त्याच्या व्याकरणावरून कळतें तितकें त्याच्या व्याख्यानांवरून कळत नाहीं, असें भाषा शिकवितांना आम्हांस अनेकदां वाटलें आहे.

ही गरज आमच्या डोळ्यांदेखत उत्पन्न झाली. निरेच्या कालव्यानें ऊस आणला, उसानें शाळा-कॉलेजें आणलीं, आणि शिकलेलीं मुलें पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेस गेलीं. घरांत राहिले ते ऐंशीच्या पुढचे आईबाप. इंदापूर तालुक्यांतील ज्या गांवांपर्यंत पाणी धड पोंचलें नाहीं, तेथील बायका सकाळच्या एस्. टी. नें येऊन त्यांना उठवितात, बसवितात, न्हाऊं घालतात.

आमच्या मातोश्री अर्धांगानें अंथरुणास खिळल्या त्यास दोन वर्षें झालीं. त्यांच्याजवळ येणारी बाई अशाच एका गांवची. सकाळीं आठ ते रात्रीं आठ अशी तिची 'ड्यूटी'. आम्ही ब्यूरोला दरमहा 15,000 रुपये देतों; त्यांतले 3,000 ब्यूरो ठेवून घेतो व 12,000 तिच्या हातीं पडतात. म्हणजे दिवसाचे 400 आणि तासाचे सुमारें 33. खाडा झाला कीं त्या दिवसाचे पैसे कापावयाचे, हा ब्यूरोचा नियम. तोहि रतिबाच्या दुधासारखाच. मातोश्रींच्या पाठीवर शय्याव्रणाचा पहिला लाल डाग दिसतांच तो तिनें आम्हांस दाखविला, आणि दर दोन तासांनीं कूस बदलून जखम होऊं दिली नाहीं. डॉक्टरांनीं तिची तारीफ केली. ब्यूरोच्या पावतीवर तारफेसाठीं रकाना नसतो.

परवां तिच्या सासूचा पाय मोडला. ती म्हणाली, "सर, आजींकडं दुसरी बाई ब्यूरो धाडील. पण म्हातारीपाशी मलाच बसाया पायजे. दोन दिवसांचा तेवढा खाडा धरू नका."

कायद्याचें लक्ष ह्या कामाकडे उशिरां गेलें. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ परिशिष्टांत विड्या वळणें होतें, खडी फोडणें होतें, शेतकामहि होतें; घरांतील आजाऱ्याची शुश्रूषा नव्हती. आतां त्या कायद्याची जागा 2019 च्या वेतनसंहितेनें घेतली असून ती 2025 च्या नोव्हेंबरांत अंमलांत आली. महाराष्ट्रानें 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यानें नोंदणीची व अर्थसाह्याची सोय झाली, मजुरीचा दर ठरला नाहीं. घरकामगारांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार 2011 सालीं जिनीव्हास संमत झाला. भारतानें त्याच्या बाजूनें मत दिलें. अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेलें नाहीं.

दर वाढवावा म्हटलें कीं गृहस्थ विचारतो, आणावयाचे कोठून? प्रश्न खोटा नाहीं. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनाचा मोठा वांटा आधींच ह्या खर्चीं पडतो. निराधार वृद्धास श्रावणबाळ योजनेंतून महिन्यास 1,500 रुपये मिळतात. बाईच्या 400 च्या हिशेबानें ते चार दिवसहि पुरावयाचे नाहींत. तिच्या सासूला तेवढेच मिळतात. जर्मनीनें 1995 पासून व जपानानें 2000 पासून ह्याच कामासाठीं विमा सुरू केला. जपानांत चाळिशीपासून प्रत्येकानें वर्गणी भरावयाची व जवळजवळ निम्मा भार सरकारी तिजोरीनें उचलावयाचा, अशी योजना आहे. त्या देशाची श्रीमंती आमच्याजवळ नाहीं, हें कबूल. परंतु भावासाठीं भांडणें आम्हांस अपरिचित आहे असें कोणी म्हणूं नये. उसाच्या दरासाठीं 2011 च्या नोव्हेंबरांत ह्याच बारामतींत उपोषण झालें. टनाचा दर येथील शेंबड्या पोरासहि पाठ असतो. बाईच्या तासाचा दर आम्ही सांगितला तेव्हां प्राध्यापकांच्या खोलींत दोघांनीं कागद घेऊन भागाकार पुन्हां करून पाहिला.

तिला रजा दिली. खाडा धरला नाहीं. आठवड्यास एक पगारी सुटी असावी, असा अर्ज गल्लींतील चार घरांनीं मिळून ब्यूरोकडे द्यावा असें आम्ही सुचविलें आहे. एक घर आमचें; दुसरें तयार आहे. तिसऱ्या घरचे वकील म्हणतात, अशानें भाव बिघडेल. त्यांच्याकडे दोन बाया आहेत, एक दिवसाची व एक रात्रीची. चौथ्या घरचा मुलगा न्यू जर्सीस असतो. त्याच्याशीं रविवारीं फोनवर बोलणें व्हावयाचें आहे.