गवळण गडावर चढली

लहान मुलांना गोष्टी सांगणे हे आपण वडीलधाऱ्यांनी आपले कर्तव्य मानले आहे. परंतु मुलालाही काही सांगायचे असते, याचे भान आपल्याला क्वचितच असते. तीन-चार वर्षांच्या बालकास ‘गोष्ट सांग’ म्हटले, तर ते बावरते. शब्द थोडे, प्रसंगांची जुळणी अवघड. त्याच्या हाती एखादे मातीचे चित्र दिले की पुढे काय घडते ते हातच करून दाखवू लागतात, आणि हातांमागून शब्द येतात.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात दिवाळीत अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहतात. दगड, माती व ओली पोती यांतून मुले राजगड-तोरणा साकारतात, हळीव पेरून हिरवळ उगवतात आणि त्यावर चित्रे मांडतात. काही वर्षांपूर्वी कामथडीस एका स्नेह्यांकडे फराळास गेलो असता त्यांची चार वर्षांची नात पायथ्याची गवळण उचलून थेट बालेकिल्ल्यावर नेत होती.

‘‘अगं, गवळण खाली असते. वर महाराज,’’ आजोबांनी तत्परतेने सांगितले.

गवळण खाली आली आणि मुलगी गप्प झाली. मी शेजारी बसून विचारले, ‘‘बाळ, ही वर कशाला चालली होती?’’ बऱ्याच वेळाने उत्तर आले, ‘‘महाराजांना भूक लागलीय. दूध द्यायला.’’

‘‘मग?’’

मग वाट निसरडी निघाली, मावळ्याने हात दिला, तरी थोडे दूध सांडले आणि ते वाघाने पिऊन टाकले. आजोबाही ऐकत राहिले.

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते इतिहास सांगत होते आणि नात गोष्ट सांगत होती. अशी दुरुस्ती वारंवार झाली, तर गोष्टी मोठ्यांच्याच मालकीच्या असतात, असा मुलाचा समज होतो. मग ते ऐकते. सांगत मात्र नाही.

याकरिता महागडी साधने लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. माँटेसरी पद्धतीची मौल्यवान साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने मानली आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. परिचयाची वस्तू हाती आली की बुजरे मूलही मोकळे होते.

आज बाजारात बोलणारी, गाणारी खेळणी मिळतात. ती स्वतःच इतके बोलतात की मुलाला बोलण्यास जागा उरत नाही. त्यापेक्षा चिंचोके, काडेपेटीची रिकामी पेटी, चिंधीची बाहुली पुढ्यात ठेवावी आणि आपण जमिनीवर बसावे. ‘हे काय आहे? रंग कोणता?’ अशी परीक्षा घेऊ नये. पेटीची होडी झाली तर ती होडीच मानावी. अधूनमधून ‘मग?’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. थांबणेच आपल्याला सर्वांत कठीण जाते, असा माझा अनुभव आहे.