चाळीस सेकंदांचे मामंजी

लग्नाची व्हिडिओ कॅसेट आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाटात शालूच्या घडीखाली असते. ती लावायचं यंत्र मात्र आता सहसा कुणाकडे नसतं. आमची कॅसेट १९९१ सालची. तिच्यात मी कशी दिसते ते सोडा. मान खाली घातलेली नवरी कुठलीही असो, सारखीच दिसते. पण आमचे मामंजी चालताबोलताना दिसतात ते फक्त त्या कॅसेटमध्ये. १९९४ साली ते गेले. हातात जिलबीचं ताट घेऊन पंगतीत आग्रह करणारे मामंजी, मोजून चाळीस सेकंद.

यंदा सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. कॅसेटमधला थोडा भाग, जुने फोटो आणि नातवंडांच्या फोनमधल्या क्लिपा जोडून वीस मिनिटांची फिल्म करावी, असं आमच्या 'ह्यां'च्या मनात आलं. कॅसेट डीव्हीडीवर आधीच उतरवून ठेवलेली होती. पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा शनिवारी आला, शॉटकट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घातला, रविवारी सगळं जोडलं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत गेला. जाताना म्हणाला, "आई, आता फक्त एक्सपोर्ट करायचं राहिलंय." सगळा स्वयंपाक झालाय, फक्त पोळ्या राहिल्यात, असं म्हणण्यातलाच प्रकार!

एक्सपोर्ट म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची एकच फाईल करून बाहेर काढणं. जोडकाम चालू असताना आपण मूळ क्लिपाच बघत असतो, म्हणून सगळं छान दिसतं. बाहेर काढताना प्रोग्राम ते नव्यानं दाबून बसवतो, आणि बिघडतं ते तिथे. आमची फाईल टीव्हीवर लावली तर मामंजींनी हात हलवला की हाताच्या कडेला फणीचे दात दिसत. नातवंडांच्या क्लिपा फोनवर कशा लख्ख होत्या, त्या इथे धुरकट. आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडायला लागल्या की सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन!

मुलाला फोन करून झाले, पण ऑफिसातून तो किती बोलणार? शेवटी एकेक दुखणं मी स्वतःच हुडकत बसले.

फणीच्या दातांचं कारण कॅसेटच्या काळातलं. तेव्हाच्या टीव्हीचं चित्र अर्धं-अर्धं येई. आधी विषम ओळी, मग सम ओळी, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. काचेच्या फुगीर टीव्हीवर ते कळत नसे. आताचा सपाट पडदा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात हात हललेला असतो! एक्सपोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'इंटरलेस्ड'च्या जागी 'प्रोग्रेसिव्ह' निवडलं की ही अर्धी चित्रं नीट जुळवली जातात.

धुरकटपणाचं मूळ तर सुरुवातीलाच होतं. हा प्रोग्राम 'ऑटोमॅटिक'वर असला की पहिली क्लिप ज्या मापाची, त्याच मापाची सगळी फिल्म धरतो. पहिली क्लिप डीव्हीडीवरची, म्हणजे ५७६ ओळींची. मग फोनच्या १०८० ओळींच्या क्लिपाही त्याच परकरपोलक्यात कोंबल्या गेल्या. माप १९२० बाय १०८० केलं, तशी नातवंडं उजळली. मामंजी होते तसेच राहिले. मोठा आकडा दिला म्हणून जुनं चित्र स्पष्ट होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सेकंदाला चित्रं किती, हा प्रश्न मी पंचवीसवर मिटवला, कारण कॅसेट पंचवीसची. फोनच्या क्लिपा तीसच्या असल्यामुळे नातवंडांच्या नाचाला मधूनच बारीक झटका बसतो. बसेना का. नातवंडं पुन्हा नाचतील.

अक्षतांनी मात्र माझे दोन दिवस खाल्ले. त्याचं उत्तर बिटरेट या शब्दात निघालं. एका सेकंदाच्या चित्रासाठी फाईलमध्ये जागा किती द्यायची, तो हा आकडा. भटजी स्वस्थ बसलेले असतात तेव्हा थोडी जागा पुरते, कारण एका चित्रातून दुसऱ्यात फारसं काही बदलत नाही. पण शेकडो दाणे एकदम उडाले की चित्रातला कणन् कण बदलतो. तेवढ्याच जागेत ते मावेनासं झालं की प्रोग्राम बारकावे टाकून देतो आणि चौकोन उरतात. आमच्याकडे आकडा होता २ मेगाबिट, तो मी ८ केला. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. वीस मिनिटांची फाईल साधारण १२०० मेगाबाइटची झाली. आधीची ३०० ची होती. पेनड्राइव्हवर जागा काय थोडी असते? उगाच काटकसर! जुना टीव्हीसुद्धा वाचील म्हणून प्रकार एच.२६४ ठेवला. नागपूरच्या वन्संना फोनवरून पाठवताना 'व्हिडिओ' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, नाहीतर वाटेत पुन्हा दाबली जाते.

मधल्या काळात मुलानं दोन सुधारणा करून धाडल्या होत्या. पडदा भरावा म्हणून त्यानं जुनं चित्र आडवं ताणलं. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे इतके जाड कधी होते गं?" ते ताणलेलं काढून टाकलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी चालतील. दुसऱ्या खेपेला त्यानं कुठल्याशा ॲपमधून मामंजींचा चेहरा स्वच्छ करून आणला. स्वच्छ झालाही. पण गालावरचा देवीचा वण गेला, नाक सरळ झालं. असली ॲप्स नसलेले बारकावे स्वतःच्या पदरचे घालतात. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "हा कोण?" त्याच क्षणी मी ते पुसलं. अंधूक असोत, पण मामंजी असोत.

राहिला आवाज. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांनी जवळजवळ सगळ्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवलेली असायची. आमच्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधली जागा नेमकी पंगतीवर आली आहे, आणि तिथे मामंजी "वाढा, वाढा, लाजताय काय!" एवढं बोलतात. मुलानं त्यावर बासरी घातली होती. तेवढ्यापुरती ती मी बंद केली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सगळ्यांनी फिल्म पाहिली. पंगत आली तेव्हा सासूबाई पुढे सरकून बसल्या. चित्राबद्दल कुणाला काहीच बोलल्या नाहीत. पंगत संपल्यावर शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाईंना म्हणाल्या, "जिलबीचं यांनीच ठरवलं. मी बुंदी करू म्हणत होते."