जबडा खिशात, पाइप खांद्यावर

गिरगावातली मामाची चाळ पाडायला काढली, तेव्हा माळ्याच्या सागवानी फळ्या मी मागून घेतल्या. लालबागच्या आमच्या खोलीत त्यांचं जेवणाचं टेबल करायचं ठरलं. फळ्या कडेला कड लावून फेविकॉलने जोडायच्या, म्हणजे रात्रभर आवळून धरणारे लांब क्लॅम्प हवेत. तयार मिळतात ते महाग, शिवाय ठेवायचे कुठे? भाचा अमेरिकेहून येताना पाइप क्लॅम्पचे नुसते जबडे आणणार होता. स्क्रूवाला जबडा पाइपच्या आट्यांवर बसतो. दुसरा पाइपवरून सरकतो आणि दाब आला की त्याच्या चकत्या तिरक्या होऊन पाइपला चावतात. पाइप आपला आपण आणायचा.

अमेरिकन जबड्याला इथले आटे बसतील का, ही शंका होती. शेजारचे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अर्धा किंवा पाऊण इंची खुशाल घे. तिकडेही इंचाला चौदा आटे, इकडेही चौदा. एक इंचीच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचे साडेअकरा, आपले अकरा." आट्यांचा कोन त्यांचा 60 अंशांचा, आपला 55 चा. पाण्याची गळती थांबवायची असती तर तो फरक नडला असता. आम्हाला फक्त लाकूड आवळायचं होतं.

मी पाऊण इंचीचेच जबडे मागवले. दोघांची जाडी 2.6 मिमी धरली तरी पाऊण इंची पाइप अर्ध्या इंचीच्या दुपटीहून जास्त ताठ असतो. स्क्रू पिळताना वाकणारा पाइप फळ्यांनाही वाकवतो.

नागदेवी स्ट्रीटवर दुकानदाराने विचारलं, "पाण्याला की गॅसला?" "सुतारकामाला," म्हटल्यावर त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि चकचकीत जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप, पुढे केला. जीआयवरही काम होतं. पण जस्ताच्या गुळगुळीत थरापेक्षा काळ्या पाइपवर चकत्यांची पकड मला जास्त भरवशाची वाटते. काळ्यात निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम वजनाचा मागितला. पिवळा पट्टा हलका, लाल जड. लाल घेतला तर क्लॅम्प उचलतानाच हात भरून येतो.

खरी निवड इथून पुढे. अमेरिकन पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास 26.7 मिमी, आपल्या मानकात तो 27.3 पर्यंत चालतो. म्हणून सरकता जबडा मी खिशातून नेला होता. एका पाइपवर तो अडला, दुसऱ्याच्या सांध्यावर वेल्डिंगची रेघ उठलेली. मालक वैतागला, "अहो साहेब, पाइप आहे, बांगडी नाही!" पण त्याच्या पोऱ्याला गंमत वाटू लागली. जबडा हातात घेऊन तोच एकेक पाइप तपासू लागला आणि एक डोळा मिटून सरळपणाही बघू लागला.

वीस फुटी पाइपचे चार-चार फुटांचे पाच तुकडे करून दोन्ही टोकांना आटे पाडून घेतले. त्याहून लांब पाइप आमच्या जिन्याच्या वळणावर वळत नाही. मस्जिद स्टेशनहून करी रोडपर्यंत लोकलच्या मालडब्यातून आणले.

घरी कानशीने टोकांची धस काढली, थिनरने तेल आणि काळा लेप पुसला. मेण मात्र फक्त स्क्रूला लावायचं. पाइपला लागलं तर पकड सुटते. मागच्या टोकाला कॅप लावली, म्हणजे सरकता जबडा निसटून पायावर पडत नाही. ओला फेविकॉल, लोखंड आणि सागवान एकत्र आले की लाकडावर काळे डाग उठतात, म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या घातल्या. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावले. सगळे एकाच बाजूने आवळले की तक्ता पन्हळतो.

तीन तुकडे कामाला लागले. उरलेल्यांपैकी एक शेजारच्या काकूंनी गॅलरीत कपडे वाळत घालायला नेला. दुसराही त्यांना हवा होता, पण तो मी दिला नाही. सॉकेट लावून दोन तुकडे जोडले की आठ फुटी क्लॅम्प होतो. सरकता जबडा सॉकेट ओलांडत नाही, तेवढं आधी मोजून घ्यावं लागतं. आता पलंगाचं चाललंय.