इंद्रवज्र

भाद्रपद संपत आला होता. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि सह्याद्रीच्या उतारांवर सोनकीची पिवळी फुले दाटली होती. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर गावातून सतरा मुलांची एक टोळी दोन शिक्षकांसह हरिश्चंद्रगडाकडे निघाली. मुले एकाच वर्गातली. पण वर्गात शेजारी बसणे निराळे आणि डोंगरात बरोबर चालणे निराळे. शाळेत ज्याचे दप्तर त्याच्या पाठीवर असते. येथे मात्र तांदळाची पिशवी, मोठे पातेले, दोर आणि पाण्याचे दोन कॅन ही ओझी सर्वांची होती. आणि सर्वांची म्हणूनच ती कोणाला नको होती.

तोलारखिंडीत दगडावर कोरलेले वाघाचे शिल्प आहे. तेथपर्यंतचा चढ संपतो न संपतो तोच टोळीचे दोन भाग पडले. चपळ पायांची पाच मुले पुढे सटकली. पातेल्याची पाळी त्यांच्यापैकीच एकाची होती. परंतु ते एका स्थूल, अबोल मुलाच्या डोक्यावर राहिले. पाण्याचे दोन्ही कॅन मात्र पुढे गेले. कातळटप्पा चढून होताच थांबावे, असे गुरुजींनी बजावले होते. ती पाच थांबली नाहीत.

कातळाच्या वर लहान लहान टेकड्यांचा प्रदेश लागतो. एक टेकडी दुसरीसारखी! त्यातच धुके उतरले. दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला. गुरुजींनी सर्वांना खाली बसवून मोजले. बारा. तहानेने घसे सुकले होते, त्यामुळे पहिल्या हाकांत रागच अधिक होता. उत्तर येईना, तसा तो राग ओसरला आणि हाका कापऱ्या होऊ लागल्या. तेव्हा त्या अबोल मुलाने पातेले उपडे केले व डावाने ते बडवायला सुरुवात केली. त्याचा हात दुखला की दुसरा बसे, मग तिसरा. अर्ध्या तासाने उजवीकडच्या धुक्यातून क्षीण ओ आली.

पाचही जण एकमेकांचे हात धरून आले. एकाचा गुडघा सोलला होता. एक कॅन रिकामा होता. दुसऱ्याचे बूच मात्र कोणी उघडले नव्हते. गुरुजी रागावले नाहीत. ज्याची पाळी होती त्याने खाली मान घालून पातेले उचलले. ते त्याने मंदिराजवळच्या लेण्यापर्यंत कोणाला दिले नाही. रात्रीचे पिठले त्यात खाली लागले, तरी ते पातेले घासण्यासाठी चार मुले उठली.

पहाटे सर्वजण कोकणकड्यावर गेले. हा कडा आत वळलेल्या अर्धवर्तुळासारखा आहे. दरीत धुके भरले होते. पाठीमागून सूर्य वर आला आणि समोरच्या धुक्यावर मुलांच्या सावल्या पडल्या. एका सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडे उमटले होते. हेच इंद्रवज्र.

"माझ्या डोक्याभोवती आहे!" एकजण ओरडला.

"छे, माझ्या!"

भांडण जुंपण्याच्या बेतात होते. गुरुजींनी समजावून सांगितले की धुक्यातील जलकण प्रकाशाचा काही भाग आला त्या दिशेलाच माघारी धाडतात. म्हणून ज्याला त्याला ते कडे आपल्याच सावलीभोवती दिसते. शेजाऱ्याची सावली दिसते, तिचे कडे दिसत नाही.

"मग त्याचे कडे कसे कळायचे?" पातेले बडवणाऱ्या मुलाने विचारले. आदल्या दिवसभरातील त्याचे हे पहिलेच लांब वाक्य असावे.

"त्यालाच विचारावे लागेल," गुरुजी म्हणाले.

तो गुडघा सोललेल्या मुलाकडे वळला. "तुझा लाल रंग बाहेर आहे की आत?"

"बाहेर. तुझा?"

"माझाही बाहेर."

मग रांगेत एकेकाला विचारणे सुरू झाले. शेवटच्या मुलापर्यंत प्रश्न पोहोचला, तोवर दरीतले धुके वर चढून आले होते.