डॅमेज किती?

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. पोरगा तेरा वर्षांचा. शस्त्रांच्या दालनात काचेआड तलवारी, ढाली, कट्यारी आणि दोन दांडपट्टे. हा एका पट्ट्यासमोर थांबला आणि मोठ्याने विचारलं, "मामा, याचं डॅमेज किती?"

शेजारचे एक काका वळून बघायला लागले. मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू. दटावलं त्याला. मग त्याला काहीतरी सांगावं म्हणून पाटी वाचली. शस्त्राचं नाव, धातू, शतक. संपलं. ते हातात कसं धरायचे, वजन किती, चालवणाऱ्याला काय जमायला लागायचं, एक अक्षर नाही. म्हणजे पोराने विचारलेला प्रश्न बरोबर होता, भाषा फक्त गेमची होती.

हा बीजीएमआय खेळतो. एकेएमला ७.६२ ची गोळी, एम४१६ ला ५.५६ ची, कुठली बंदूक किती उसळते, सगळं तोंडपाठ. त्याच गेममध्ये पाठीला लोखंडी तवा अडकवला की मागून आलेली गोळी अडते. मी म्हटलं, हे पण खरं वाटतं का तुला? तर म्हणतो, "मामा, तवा म्हणजे टाइमपास आहे, बंदुका खऱ्या आहेत." पोरांना खरं-खोटं कळत नाही असं आपण उगाच धरून चालतो.

कळत नव्हतं ते मला. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून डायब्लो २ खेळायचो. २००१ साली त्यात असॅसिन आली आणि तिच्या हत्यारांत 'कटार' होती. पण कुठल्या गटात? पंजांच्या! बोटांवर चढवायच्या नखांच्या. मी कैक वर्षं कटार म्हणजे तसलंच काहीतरी समजत होतो. घरात 'कट्यार काळजात घुसली'ची कॅसेट वाजत असताना! खरी कट्यार मुठीत धरतात. दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी मूठ, त्यामुळे पातं मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येतं आणि ठोसा मारावा तशी ती घुसवता येते. अख्ख्या हाताचं बळ टोकावर. साखळ्यांचं चिलखत भेदायला ते बळ लागायचं. ही एवढी हुशारीची गोष्ट मला गेमनेही सांगितली नाही आणि शाळेनेही नाही.

आता गेमवाले सुधारलेत. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये २०२२ पासून उरुमी आहे, चक्र फेकणारे आहेत. पुण्यातल्या मुलांनी केलेल्या 'राजी'त त्रिशूळ आहे, धनुष्य आहे. ती देवांनी दिलेली शस्त्रं, तिथे चमत्कार चालणारच, माझी काही तक्रार नाही. पण पट्ट्याला चमत्काराची गरजच नाही, ते हत्यार मुळातच अचाट आहे.

आणि आपण काय केलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर केला. आनंद झाला. जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली आणि ती महाराजांचीच की नाही यावर आपण इथे महिनाभर एकमेकांच्या उरावर बसलो. मीही बसलो होतो, जुन्या पोस्टी काढून बघा. पण त्या सगळ्या भांडणात किती जणांनी सांगितलं, की वाघनखाच्या दोन टोकांना दोन कड्या असतात, त्या बोटांत घालून मूठ मिटली की नखं आत लपतात आणि बाहेरून नुसत्या अंगठ्या दिसतात? त्या हत्याराचं सगळं मर्म त्यात आहे. पुरावे तपासायलाच हवेत, पण पोराला आधी हे सांगा ना.

परत येताना वाट वाकडी करून कोल्हापूरला गेलो. ओळखीतून मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांकडे. पोराने तिथेही तोच प्रश्न विचारला. मी डोळे मिटून घेतले. वस्ताद म्हणाले, "ये, हात घाल आत."

पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी खोबणच. हात जवळजवळ कोपरापर्यंत आत जातो. पोराने सवयीने मनगट फिरवायला बघितलं, फिरेना. "मनगट विसरायचं," वस्ताद म्हणाले, "खांद्यातनं फिरवायचं, आन् पाय थांबू द्यायचा न्हाई. थांबलास की संपलास." मग त्यांनी स्वतः दोन फेर घेतले. पातं लवचिक, त्याचा आवाज वेगळाच येतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू कधी कापलं ते मला दिसलंच नाही, दोन फाका दिसल्या तेवढ्या.

पोरगा गप्प. मग हळूच म्हणाला, "चुकला की सावरायला वेळ लागत असेल ना?"

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "ह्ये कोण शिकिवलं ह्येला?"

गेमने, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. पोराने विचारलं, पट्टा हातात मिळायला कितवी लेव्हल लागते? वस्तादांनी भिंतीला टेकवलेली काठी त्याच्या हातात दिली. "आधी ही. एक वरीस. मग बघू."