सराच्या मधोमध

धारूर तालुक्यातलं आमचं घर माळवदाचं. घर मोजायचं ते खणांत. सोयरीक जुळवायला आलेली माणसं पाणी पिऊन झालं की विचारायची, "घर किती खणाचं?" आमचं सात खणाचं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर निंबाचे सर, सरांवर दाटीनं मांडलेल्या किलच्या, त्यांवर पाला आणि सगळ्यावर पांढरी माती. पावसाळा तोंडावर आला की आजी गढीकडून आणखी चार पाट्या माती आणवायची आणि गळतं तिथं चोपून बसवायची. वर्षानुवर्षं असं चालल्यावर थर दीड फुटावर गेला. एवढ्या मातीचं वजन चौरस मीटरला सहा-सातशे किलो भरतं. त्याच्याखाली आम्ही निजायचो, आणि उन्हाळ्यात त्या गारव्याला तोड नव्हती.

घरात वीज आली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तारा सरांच्या आडव्या न्यायच्या होत्या. वायरमननं सोपा मार्ग काढला: प्रत्येक सराला खालून खाच पाडायची आणि तार त्यात बसवायची. पटाशी लागणार तोच ओट्यावर बसलेले आमचे सुतारआबा उठले.

"खालून हात लावू नको. मधी भोक घे."

त्यांनी सराच्या उंचीवर दोरी धरली, दुमडली आणि मध्यावर नखानं खूण केली. मग भिंतीपासून हातभर जागा सोडून गिरमिट लावलं. गिरमिट फिरायला लागलं तसा निंबाचा कडवट वास सुटला आणि पिवळसर भुसा माझ्या पायांवर सांडला. मला भीती वाटली. एवढी माती वर आणि लाकडाला आरपार भोक!

"आबा, सर मोडंल की!"

"मोडत नसतंय लेकरा. मधलं लाकूड निवांत असतंय. वरचं आन् खालचं राबतंय."

या वाक्याचा अर्थ मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी कळला. ओली निंबाची फांदी दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. आतल्या बाजूची साल दाबली जाऊन सुरकुतते, बाहेरची ताणली जाते, आणखी जोर दिला की तिथंच चिरते. दोन्हींच्या मधे एक रेषा अशी असते की तिथं दाबही नाही आणि ताणही नाही. पुस्तकात तिला उदासीन अक्ष म्हणतात. शब्द मला आवडत नाही, आबांचा 'निवांत' खरा. मातीच्या ओझ्यानं सर किंचित झोळतो तेव्हा त्याचं वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि जसजसं मध्याकडे यावं तसतसा हा भार कमी होत जातो. हे नीट समजायला जगालाही वेळ लागला. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात तुळईचा हिशेब मांडला, पण ही रेषा त्याला सापडली नाही. ती पक्की व्हायला कूलोंचं १७७३ उजाडलं.

आता आबांचा सर घ्या, नऊ इंच उंचीचा. त्याच्या बरोबर मध्यावर तीन इंचांचं भोक पाडलं तर वाकण्याविरुद्धची ताकद सत्तावीसात एक भाग जाते, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाही. तेवढंच तीन इंच लाकूड खालून खाच घेऊन काढलं तर ताकद नवात चार भागच उरते. अर्ध्याहून जास्त गेली! शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघते आणि धाग्यांच्या दिशेनं धावते. लाकूड तेवढंच काढलं, फरक फक्त जागेचा. आणि तारेला तीन इंच लागतात कुठं, बोटभर पुरे.

मग आबांनी भिंतीपासून हातभर जागा का सोडली? भाकरींची चळत दोन्हीकडून धरून वाकवा, भाकरी एकमेकींवर सरकतात. लाकडाचे थरही तसेच सरकू पाहतात, टेकूजवळ सगळ्यात जास्त आणि तेही नेमके मध्यावर. म्हणजे जी जागा खणाच्या मधे निवांत, तीच भिंतीपाशी राबणारी. हे आबांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही. त्यांना सही करता येत नव्हती.

परळी वैजनाथच्या स्थानकात गाडीची वाट बघताना मी अजूनही रुळांचे सांधे बघतो. रूळ वर जाड, खाली रुंद आणि मधे बारीक. कारखान्यानं लोखंड मधूनच वाचवलेलं असतं. आणि पट्ट्यांच्या बोल्टांसाठी भोकं पाडलेली असतात तीही त्या मधल्या बारीक अंगातच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं दगडमातीखाली गेली. आमच्याकडेही भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो आणि उजाडेपर्यंत आत गेलो नाही. त्यानंतर माळवदाचं नाव काढलं तरी माणसं दचकायची. भीती खोटी नव्हती. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचा डोंगर, याच जोडीनं जीव घेतले. पण पाहणीला गेलेल्या अभियंत्यांनी हेही पाहिलं की कितीतरी घरांत भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. भिंतींचा दोष लाकडाच्याही माथी आला आणि गावोगावचे खण जुन्या लाकडाच्या वखारीत गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचं माळवद आम्हीही उतरवलं. माती काढायलाच आठवडा गेला. सर खाली घेतले तेव्हा मी एकेक निरखला. दोन भिंतीतल्या टोकाला वाळवीनं खाल्लेले होते. भोकापाशी एकही चिरलेला नव्हता. करंगळी आत घातली तर कडा गुळगुळीत लागल्या.

चांगले निघालेले सर गोठ्यावर घातले, वर पत्रे. परवा गाभण म्हशीसाठी तिथं दिवा लावायचा होता. वायरमनचा पोरगा ड्रिल घेऊन शिडीवर चढला आणि विचारू लागला, "काका, भोक कुठं घेऊ?"

"नवं नको घेऊ," मी म्हणालो. "हात फिरव, मधोमध सापडंल."

त्यानं सरावर हात फिरवला, जाळं पुसलं आणि वायर आत सरकवली.