खातेपानाचा रकाना

कुठलाही जुना प्रोजेक्ट हातात आला की मी आधी त्याचा चेंजलॉग उघडते. कोणत्या आवृत्तीत काय बदललं, याची ती रोजकीर्द. ॲप अपडेट करताना तुम्हाला ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच दिसतं ना, ते तिचं सगळ्यात आळशी रूप. नीट लिहिलेल्या चेंजलॉगमध्ये ओळीच्या शेवटी एक नंबर असतो. ज्या तक्रारीमुळे तो बदल झाला, तिचा.

आमच्या टीमकडे अशा नऊ वर्षांच्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून होत्या. नंबर होते, पण क्लिक होत नव्हते, म्हणून कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. मी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आवृत्तीचं शीर्षक करते, हॅशच्या खुणेपुढचा आकडा शोधते, त्याला तक्रारीची लिंक जोडते आणि वेबपान बनवते. नवी आवृत्ती निघाली की ती आपोआप चालते.

यात नवीन काही नाही. डेबियन लिनक्समध्ये चेंजलॉग लिहायची पद्धत ठरलेली आहे. ‘क्लोजेस’ लिहून पुढे बगचा नंबर दिला, की पॅकेज अपलोड झाल्यावर तो बग आपोआप बंद होतो. तीच ओळ माणूसही वाचतो आणि मशीनही.

त्या एका नंबराचं मोल कळायला डेबियनचंच उदाहरण घेऊ. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एक बदल झाला. मेमरी तपासणारं व्हॅलग्राइंड हे टूल कुरकुर करत होतं, ती थांबवायला. चेंजलॉगमधली नोंद वाचली तर नुसती साफसफाई वाटते. पण त्या बदलामुळे यादृच्छिक आकडे यादृच्छिक राहिलेच नाहीत. जवळपास दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या गुप्त किल्ल्या, एकाच प्रकारच्या आणि लांबीच्या असतील तर, साधारण ३२ हजार शक्यतांमध्येच अडकल्या. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं. नंबरामुळे चूक टळली नाही, हे खरं. पण नोंदीत ३६३५१६ हा नंबर होता. तो धरून गेलं की हा बदल कुणी, कशासाठी सुचवला, ते आजही वाचता येतं.

आमच्या पानावर मी आणखी एक सोय केली. ज्या ओळीला नंबर नाही, ती पिवळी दिसते. पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा पान बरंच पिवळं झालं. त्यातली एक ओळ, ‘पेमेंटची वेळमर्यादा ४० सेकंद केली.’ चाळीसच का? लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. आता तो आकडा बदलायची कुणाची हिंमत होत नाही.

अकरावी कॉमर्सच्या पुस्तकात रोजकीर्दीला ‘खा. पा.’ असा एक अरुंद रकाना असतो. खातेपान. ही नोंद खतावणीत कुठे सापडेल, ते सांगणारा. लिंक म्हणजे तोच रकाना. तो भरलेला असेल तर त्या पानापर्यंत स्क्रिप्ट तुम्हाला क्षणात नेते. रिकामा असेल तर तिचाही इलाज चालत नाही. तो भरायचं काम बदल करणाऱ्याचंच, आणि तेही त्याच दिवशी.